सावडल्याचा जबाब

९ नोव्हेंबर २०२५

सिद्धोधन, जयभीम.

तुझा लिफाफा परवा मिळाला. पोस्टमन थेट वर्गात घेऊन आला आणि सगळ्या पोरांसमोर म्हणाला, "बाई, जर्मनीहून काय आलंय हो?" मी म्हणलं, भावाचं पत्र. पत्र कुठलं! दोन ओळींची चिठ्ठी, चार पानांचा फॉर्म आणि तुझ्या प्रबंधाची इंग्रजीत छापलेली पस्तीस पानं. 'ताई, खुणा केल्यात तिथं सह्या कर, लवकर पाठव.' नानाला जाऊन सव्वा वर्ष होत आलं. त्यात तुझ्या हातचं हे पहिलं अक्षर.

मी फोन उचलत नाही म्हणून साक्षीकडं गाऱ्हाणं केलंस म्हणे. पोरगी मामाची बाजू घेऊन माझ्याशी भांडली. तर ऐक. फोनवर मी तुझ्याशी बोलणार नाही. फोनवर बोललेलं तू लिहून घेतोस. जे सांगायचं ते आता मीच लिहिणार, म्हणजे कुठं काय लिहिलं ते मला ठाऊक राहील.

ती पस्तीस पानं साक्षीनं काल-आज मला मराठीत सांगितली. परभणीहून सुट्टीला आली होती, दोन दिवस त्यातच गेले तिचे. तुर्कस्तानच्या डोंगरात साडेतीन हजार वर्षांपूर्वी हित्ती नावाचे लोक होते, ते मातीच्या पाट्यांवर लिहायचे, हे तू नानाला ओट्यावर बसून सांगायचास तेव्हा मीही ऐकलं होतं. मेलेल्या माणसाला जाळल्यावर तिसऱ्या दिवशी बायका राखेकडं जातात, हाडं वेचतात, कापडात घेतात. मग एक क्रियापद येतं. सगळ्या पाट्या धुंडाळल्या तरी ते दोनच जागी सापडतं, आणि त्यातली एक पाटी फुटकी. त्याचा अर्थ कुणाला नीट लागत नव्हता. आजवरचे पंडित म्हणत होते की त्या बायका ते कापड सोडून येतात. तू म्हणतोस, नाही, त्या ते मांडीवर घेतात, लेकरागत झुलवतात, मग बांधतात. आणि पुरावा काय? 'महाराष्ट्रातल्या परभणी जिल्ह्यातली एक स्त्री, वय एक्कावन्न, शिक्षिका, हिनं वडिलांच्या अस्थी अशाच घेतल्या.'

साक्षी वाचता वाचता थांबली. म्हणाली, "मम्मी, ही तूच ना?"

पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी तुझा फोन आला होता. नानाचा तिसरा दिवस. कागदं अडकली, तिकीट मिळेना, येता येत नाही, हे तुझं आधीच सांगून झालं होतं. मग विचारलंस, सावडायला कोण गेलं? मी म्हणलं, मी आणि आपल्या वस्तीतली सुमनबाई. मग सुरूच झालास. आधी पाणी शिंपडलं का दूध? वेचायला सुरुवात पायाकडून का डोक्याकडून? कापड कसलं होतं? कापडात घेतल्यावर काय केलंस? मला वाटलं, लेकरू लांब आहे, बापाजवळ बसायला मिळालं नाही म्हणून विचारायलंय. मी सांगत गेले. तू मधेच म्हणायचास, "थांब ताई, परत सांग." मला वाटलं तू रडायलास. तू लिहायलास रे मेल्या!

लाज वाटली नाही तुला? नानाची राख तुला पानाच्या तळटीपेत घालायला पाहिजे होती?

मी सही करणार नाही. फॉर्म कपाटात ठेवलाय, फाडला नाही एवढंच.

सत्यशीला


१४ डिसेंबर २०२५

सिद्धू,

तुझं पत्र वाचलं. माफी मागितलीस, बरं केलंस. पत्रावर दोन जागी शाई फुटली आहे, ती मी पाहिली.

तू एक गोष्ट बरोबर पकडलीस. लिहून घेतल्याचं मला आत्ता नोव्हेंबरात कळलं, मग त्याआधी वर्षभर फोन कामून उचलला नाही, असं विचारलंयस. लहानपणापासून तुझी हीच खोड. चूक माणसाची असो का पाटीवरची, बोट ठेवल्याशिवाय राहत नाहीस. शाळा होती, मतदार याद्यांचं काम होतं, गुडघा दुखायलाय. यातलं कोणतं पटतंय ते तू ठरव.

फेब्रुवारीअखेर सही गेली नाही तर ते प्रकरण काढून टाकायला लावतील, आणि ते काढलं तर प्रबंधात काही उरत नाही, हे कळलं. तुझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणतात, जिवंत माणसाच्या सांगण्यावर शास्त्र उभं करायलास तर त्या माणसानं सहीनिशी सांगावं की हे खरं आहे. बाई शहाणी दिसते. आठ वर्षं झाली तुला तिथं. दाढी पांढरी झाली, साक्षीनं फोटो दाखवला.

नाना सांगत सुटायचा, तुला माहीत आहे का? राणीसावरगावच्या बाजारात, एस.टी.त, कुणी भेटो. "माझं लेकरू मेलेल्या लोकांची भाषा शिकायलंय. जगात शंभर माणसं न्हाईत ती वाचणारी." एकदा आबासाहेबांनी विचारलं, "लिंबाजी, मेलेल्यांची भाषा शिकून बोलायचं कुणाशी?" नाना म्हणाला, "बोलायचं न्हाई, आयकायचं." आबासाहेब पाटलाचे असून नानाच्या वर्गात होते चौथीपर्यंत, त्यामुळं दोघांचं असं चालायचं. आपल्या माणसांना ते फार आवडायचं नाही.

फॉर्म इंग्रजीत आहे. मला कळत नाही त्यावर मी सही कशी करू? मराठीतून पाठव. आणि साक्षीदार पाहिजे म्हणतोस, तर साक्षी घरची, ती चालेल का ते विचार.

एक विचारू? तुझ्या आधीचे पंडित 'सोडून येतात' असं म्हणत होते. ते साफच चुकलेत असं तुला नक्की वाटतं का? माझं सांगणं बाजूला ठेवलं, समजा मी काहीच बोलले नसते, तर तू त्या क्रियापदाचा काय अर्थ लावला असतास? मला उगं समजून घ्यायचं आहे. चौथीच्या पोरांना क्रियापद शिकवते मी. पोरं फळ्यावर 'जातो' लिहितात, 'खातो' लिहितात. सोपी असतात ती.

थंडी लय असेल तिकडं. जेवत जा वेळेवर.

ताई


१८ जानेवारी २०२६

सिद्धोधन,

मराठी फॉर्म मिळाला. 'मी वरीलप्रमाणे कृती केली व हे कथन सत्य आहे.' वाचलं.

पण सुमनबाईच्या मागं कामून लागलास? साक्षीला सांगितलंस ना, तिचाही जबाब रेकॉर्ड करून पाठव म्हणून? माझ्या पोरीला माझ्या पाठीमागं असल्या कामाला लावायलास?

सुमनबाई काल शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी येऊन उभी. साठीची बाई, खुरपण सोडून आलेली. म्हणाली, "बाई, साक्षी मोबाईल समोर धरून मला इचारायलीय. मी म्हणलं डोकं दुखायलंय, उद्या ये. उद्या काय सांगू?" मी म्हणलं, काही सांगू नका. तर म्हणाली, "मी तुमच्या शबदाला बांधलेली हाय. पर मला खोटं बोलाय लावू नका हो आता. झालं तेवढं बास."

तिला सोडून दे. तिच्याकडून एक अक्षर घ्यायचं नाही. साक्षीलाही मी ताकीद दिली आहे. तुला जो काय जबाब पाहिजे तो माझ्याकडून घे. थोडे दिवस दे मला.

सत्यशीला


८ फेब्रुवारी २०२६

सिद्धू,

हे पत्र तीनदा लिहून चुलीत घातलं. हे चौथं. आता हे राणीसावरगावला जाऊन स्वतः पोस्टात टाकणार आहे, म्हणजे परत काढता येणार नाही.

मी तुला फोनवर जे सांगितलं त्यातलं काहीही झालं नव्हतं.

पहिल्यापासून सांगते. नाना शनिवारी पहाटे गेला. शुक्रवारपासून पाऊस लागला होता, थांबायचं नाव नाही. आपली स्मशानभूमी तुला माहीत आहे, ओढ्याच्या अंगाला. चौथरा आहे, वर पत्रे नाहीत. वीस वर्षं अर्ज चाललेत. त्यांच्या स्मशानात शेड आहे, डांबरी रस्त्यापर्यंत फरशी आहे.

दुपारी आबासाहेब आले. छत्री मिटून दारात उभे राहिले, डोळे लाल. म्हणाले, "सत्याबाई, पाऊस हटायचा न्हाई. लिंबाजीला आमच्या शेडमंदी आणा. कुणी काय बोलणार न्हाई, मी जिम्मा घेतो." सगळी वस्ती आपल्या दारात. सगळे माझ्या तोंडाकडं बघायले.

मी म्हणलं, "ज्या वाटेनं त्याला जित्तेपणी येऊ दिलं नाही, त्या वाटेनं मेल्यावर न्यायचं नाही. आमचा माणूस आमच्याच मातीत जाईल."

पोरांनी जयभीम केला. बुद्धभूषण, तुझ्या वर्गातल्या बन्सीधरचा पोरगा, तो सगळ्यात मोठ्यानं. मला काय वाटलं सांगू? बाप आत पडलेला, आणि माझी छाती फुगली. नाना आज असता तर म्हणाला असता, शाब्बास पोरी, असं वाटलं. आता वाटतं, तो म्हणाला असता, बाई, दोस्त बोलवायलाय तर चल की.

लाकडं भिजलेली. टायर घातले, डिझेल ओतलं, ताडपत्री धरून माणसं उभी. दोन तासांनी कुठं पेट घेतला. जरा धरल्यासारखं झालं तेव्हा लोक म्हणाले, चला आता, आणि आम्ही घरी आलो. अंधार पडायच्या आत पावसानं परत जोर धरला. रविवारी ओढा रस्त्यावर होता, वस्तीबाहेर पाय टाकता येईना.

सोमवारी पोळा. पाणी जरा उतरलं होतं. पुरुषमाणसं पडलेल्या भिंती आणि वाहून गेलेली जनावरं बघत होती. मी म्हणलं मी जाते. मी आणि सुमनबाई निघालो. धुतलेलं पांढरं कापड घेतलं होतं, तांब्यात दूध होतं.

चौथऱ्यावर गाळ होता, सिद्धू. हातभर गाळ. टायरची तार एका कोपऱ्याला अडकलेली, आणि बाभळीच्या बुंध्याशी एक जळका ओंडका. बाकी काही नाही. राख नाही, हाडं नाहीत, नाना नाही. रात्री पाणी चढलं ते सगळं घेऊन गेलं. आणि ते चढलं तेव्हा तो किती जळाला होता, पूर्ण का अर्धा, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

मी काठाकाठानं खाली जायला लागले. गाळात पाय रुतायले. सुमनबाई मागून. बंधाऱ्याच्या अलीकडं, जिथं झाडोरा अडकलेला असतो, तिथं तिनं माझा दंड धरला. म्हणाली, "बाई, ह्याच्या खाली जायचं न्हाई. काय दिसलं तर जलमभर डोळ्यासमोरून हलायचं न्हाई." मी हात सोडवून घेऊ शकले असते. ती माझ्यापेक्षा म्हातारी आहे, अंगात बळ नाही. मी थांबले. मला भीती वाटली. मी बापाला शोधायला गेले आणि तो सापडेल या भीतीनं परत फिरले.

घरी मागच्या दारानं आले. चुलीतली राख आणि कोळसे मडक्यात भरले, पांढऱ्या कापडानं तोंड बांधलं. सुमनबाई बघत उभी होती. तिच्याकडून शब्द घेतला. जलदान विधीला तेच मडकं ठेवलं. बौद्धाचार्यांनी त्याच्यापुढं त्रिसरण घेतलं. मग विहारामागं खड्डा करून ते पुरलं आणि वर पिंपळ लावला. तू फोटो पाहिलास त्याचा. वस्तीतली माणसं येता जाता तिथं हात जोडतात, सणाला फुलं ठेवतात, लहान पोरं लिंबाजीनानाचं झाड म्हणतात.

कुणाला सांगणार होते मी? शेड नाकारली तेव्हा वस्तीनं मला डोक्यावर घेतलं होतं. आता म्हणू, तुमच्या जयभीमसाठी मी बाप ओढ्यात घालवला?

मडकं भरून झालं, हात धुतले, तेवढ्यात तुझा फोन आला. तू विचारत गेलास, आधी पाणी का दूध, पायाकडून का डोक्याकडून. मला जे करायचं होतं ते मी सांगितलं. दूध शिंपडलं म्हणलं, पायाकडून वेचलं म्हणलं, मांडीवर घेऊन बसले, झुलवलं म्हणलं. बोलता बोलता मला ते झाल्यासारखंच वाटायलं. थोडं बरं वाटलं. म्हणून तू परत सांग म्हणालास की मी परत सांगायची, आणि दर वेळी जरा जास्तच सांगायची. त्यानंतर तुझा फोन आला की मी तो नुसता वाजू द्यायची, हा परत विचारेल म्हणून. वर्षभर कामून उचलला नाही, त्याचं उत्तर हे.

तुझं क्रियापद माझ्या खोट्यावर उभं आहे. ते काढून घे. मला शिव्या दे, काय करायचं ते कर, पण ते काढून घे.

सत्यशीला


८ मार्च २०२६

सिद्धू,

तुझं उत्तर साक्षीच्या मोबाईलवर आलं. पोरगी ते वाचून बाहेर अंगणात जाऊन बसली, मोबाईल माझ्याजवळ ठेवून. मी चारदा वाचलं. आधी तू नानासाठी रडलास, ते खरं रडणं आहे, मला कळतं. खाली लिहिलंस, 'ताई, हे तू, मी आणि सुमनबाई सोडून कुणालाच माहीत नाही. माझा अर्थ तरीही बरोबर असू शकतो. मॅडमनी पंधरा मार्चपर्यंत मुदत वाढवून दिली आहे. तू सही कर, पुढं आपण याच्यावर कधी बोलायचं नाही.'

तुला मी दोष देत नाही. खोटं मीच तुला दिलं, आता ते तुला सोडवत नाही. मलाही दीड वर्ष सोडवलं नव्हतं. तुझा मेसेज वाचला आणि मी पेन हातात घेतलं होतं, हेही सांगते. बापाचं तोंड तुला बघायला मिळालं नाही, निदान आठ वर्षं तरी वाया जाऊ नयेत असं मनात आलं. फॉर्मवर पेन टेकवलं. 'हे कथन सत्य आहे' याच्या खालीच. मला माझी सहीच करता येईना रे.

म्हणून गेल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर उभी राहिले. तीसेक माणसं असतील. म्हणलं, मला एक बोलायचं आहे. आणि सगळं सांगितलं. गाळ, बंधारा, चूल, मडकं. सुमनबाई खाली मान घालून बसली होती, ती रडायली तेव्हा लोकांना पटलं की हे खरं आहे.

मग बुद्धभूषण उठला. "म्हंजे वरीसभर आमी चुलीच्या राखंला हात जोडायलो व्हय?" मी म्हणलं, हो. तो चप्पल घालून निघून गेला. एकेक करून बाकीचेही गेले. कुणी भांडलं नाही, ओरडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

आबासाहेबांपर्यंत दुपारीच गेलं. संध्याकाळी काठी टेकत आले, ओट्यावर बसले, चहाला नको म्हणाले. "म्या त्या दिशी आजून जोर लावाया पायजे होता," एवढंच बोलले. मीही म्हणायला पाहिजे होतं, तुमचं चुकलं नाही. माझ्या तोंडातून ते निघालं नाही. अजूनही नाकावर माशी बसू देत नाही बघ मी.

आठ दिवस झाले, पिंपळाकडं कुणी फिरकलं नाही. उन्हं तापायलीत. सकाळी शाळेला जाताना मीच दोन कळशा घालते. झाडानं काय केलंय कुणाचं?

तुझ्या त्या हित्ती बायकांनी काय केलं ते मला माहीत नाही. कापड मांडीवर घेतलं असेल, नाहीतर सोडून दिलं असेल. त्यांच्यातलीही एखादी अर्ध्या वाटेतून परत आली असेल आणि घरी येऊन सांगितलं असेल की असं असं केलं. लिहिणाऱ्यानं लिहून घेतलं असेल. तू मेलेल्यांची भाषा शिकलास, तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळायला पाहिजे.

फॉर्म कोरा परत पाठवत आहे. तू माझ्यावर चिडशील. कदाचित आता तूच माझं पत्र उघडणार नाहीस. तुझी आठ वर्षं गेली, ती माझ्यामुळं गेली, आणि ती भरून द्यायला माझ्याजवळ काही नाही. लय वाईट वाटतंय सिद्धू, झोप लागत नाही. तरीही कोराच पाठवत आहे.

तुझ्या मॅडमना जबाबच पाहिजे असेल तर आपल्या नानाला कुणी सावडलं नाही, असं लिही. पोरगी गेली होती, बंधाऱ्यापर्यंत जाऊन घाबरून परत आली. त्याच्याखाली मी सही करते.

ताई